भावाच्या फोनमध्ये ‘लक्ष ठेवणारं’ ॲप टाकावं का?

प्रश्न थोडक्यात असा: धाकटा भाऊ, वय २६, दुसऱ्या शहरात एकटा राहतो. दहा दिवसांपूर्वी त्यानं आत्महत्येचा प्रयत्न केला, तीन दिवसांपूर्वी रुग्णालयातून घरी आला. बहीण लांब आहे, तिला रात्रभर झोप नाही. भावाच्या मनात तसले विचार आले की तिच्या फोनवर इशारा येईल असं ॲप तिला हवंय, आणि जमलं तर त्याला न सांगता बसवायचंय.

ताई, उत्तर लांबणार आहे, म्हणून आजचं काम आधी सांगते. रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही दिवस आणि पुढचे साधारण तीन महिने हा सगळ्यात नाजूक काळ असतो. त्यामुळे ॲप शोधण्याआधी तीन गोष्टींची उत्तरं मिळवा. आज रात्री त्याच्याजवळ कोण झोपणार आहे? डॉक्टरांकडे पुन्हा जायची तारीख कोणती, आणि सोबत कोण जाणार? घरातली औषधं आत्ता कुणाच्या ताब्यात आहेत? यातलं एकही उत्तर ‘माहीत नाही’ असेल, तर फोन हातात घेऊन आधी तेवढं करा.

आणि तो ‘कसं’ आणि ‘कधी’ हे दोन्ही बोलू लागला, निरोप घेतल्यासारखे मेसेज पाठवू लागला, किंवा दारूच्या अंमलाखाली मरणाचं बोलू लागला, तर कुठलंही ॲप उघडत बसू नका. त्याला एकटं सोडायचं नाही आणि आपत्कालीन सेवा बोलवायची. इथं लांब राहणाऱ्यांची एक चूक हमखास होते: तुम्ही तुमच्या गावातून आपत्कालीन क्रमांक लावला, तर फोन सहसा तुमच्याच भागातल्या नियंत्रण कक्षात जातो. म्हणून त्याचा पूर्ण पत्ता (मजला, दरवाजा, इमारतीत शिरायची खूण), त्याच्या जवळच्या पोलीस ठाण्याचा थेट क्रमांक, जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाचा क्रमांक आणि दार वाजवू शकेल अशा एका शेजाऱ्याचा क्रमांक आजच एका कागदावर लिहून ठेवा. या कागदाची बरोबरी कुठलंही ॲप करत नाही.

आता मूळ प्रश्न. तुमच्या विचारण्यात दोन प्रश्न एकात एक गुंतलेत. पहिला, त्याच्या मनात काय चाललंय ते मला कसं कळेल? दुसरा, कळल्यावर मी आणि त्यानं काय करायचं? पहिल्याचं उत्तर देणारं ॲप नाही. दुसऱ्यासाठी बऱ्यापैकी चांगली साधनं आहेत.

पहिल्याचं ‘नाही’ इतकं ठाम का, तेही सांगते. आत्महत्येचा धोका आधी ओळखता येतो का, यावरच्या जवळपास ५० वर्षांच्या ३६५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. आजवरचे सगळे ठोकताळे नाणेफेकीपेक्षा जेमतेमच बरे ठरतात, असं त्यात दिसलं. रुग्ण समोर बसलेला असूनही अनुभवी डॉक्टरांना जे नीट जमत नाही, ते टायपिंगचा वेग आणि रात्री स्क्रीन किती वेळ चालू होती यावरून फोनला जमेल, ही अपेक्षा मी ठेवणार नाही. ब्रिटनमधल्या ‘समॅरिटन्स’ या जुन्या आणि विश्वासाच्या हेल्पलाइन संस्थेनं २०१४च्या ऑक्टोबरअखेरीस ‘समॅरिटन्स रडार’ नावाचं ॲप आणलं होतं. तुम्ही ट्विटरवर ज्यांना फॉलो करता, त्यांच्या लिखाणात काळजीची वाक्यं दिसली की ते तुम्हाला ईमेल करायचं. ज्याच्यावर नजर ठेवली जायची, त्याला याचा पत्ताही नसायचा. खुद्द मानसिक त्रासातून जाणाऱ्या लोकांनीच जोरदार हरकत घेतली: आता आम्ही मोकळेपणी लिहायचंही नाही का? शिवाय हाच इशारा त्या माणसाला छळणाऱ्याच्या हाती गेला तर? दहा दिवसही झाले नव्हते, तेव्हा ते थांबवावं लागलं. हेतू चांगला होता, संस्था चांगली होती, तरीही.

तुमच्या भावाच्या बाबतीतही चोरून बसवलेल्या ॲपचं असंच होईल. नैतिकतेचा मुद्दा बाजूला ठेवा, व्यवहाराचंच बघा. अशा ॲपला लोकेशन, मेसेज, सूचना वाचायच्या परवानग्या लागतात. फोन अधूनमधून त्या परवानग्यांची आठवण मालकाला करून देतो, बॅटरी लवकर उतरते, सेटिंगमध्ये नाव दिसतं. सव्विशीतल्या तरुणाला ते सापडायला वेळ लागत नाही. सापडलं की तो भांडेल असंही नाही. बहुतेक वेळा माणूस गप्प होतो, दुसरा फोन वापरतो किंवा तुम्हाला बरं वाटेल तेवढंच लिहितो. तुमच्या स्क्रीनवर सगळं शांत दिसतं, तुम्ही निर्धास्त होता, आणि जो एक रस्ता उघडा होता, म्हणजे त्यानं स्वतःहून तुम्हाला फोन करण्याचा, तोच बंद झालेला असतो.

लोकेशन हवंच असेल तर उघडपणे मागा. गूगल मॅप्समध्ये दोघांच्या संमतीनं ठरावीक वेळेपुरतं लोकेशन शेअर करता येतं. त्यात बऱ्याचदा समोरच्याच्या फोनची बॅटरी किती उरलीय तेही दिसतं. ‘फोन लागत नाही’ आणि ‘बॅटरी संपली’ यातला फरक रात्री दोन वाजता फार मोलाचा असतो. पण त्याबरोबर अटीही ठरवा: किती आठवडे, कोण बघणार, आणि लोकेशन बंद दिसलं तर तुम्ही काय करणार. ‘बंद दिसलं तर आधी मी फोन करेन, वीस मिनिटांत उत्तर नाही आलं तर अमुकला दार वाजवायला सांगेन’ हे त्याच्याशी आधी बोललेलं असावं. म्हणजे दार वाजल्यावर त्याला पकडल्यासारखं वाटत नाही.

आता दुसरा प्रश्न, जिथं ॲप कामाला येतं. ॲपचं काम एकच: सगळ्यात वाईट क्षण आणि एखाद्या माणसाचा आवाज यांच्यातलं अंतर कमी करणं. हा क्षण किती छोटा असू शकतो याचा अंदाज बऱ्याच जणांना नसतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या ८२ जणांना विचारलं गेलं, की त्या वेळचा विचार मनात आल्यापासून प्रत्यक्ष प्रयत्नापर्यंत किती वेळ गेला. जवळपास निम्म्यांचं उत्तर दहा मिनिटं किंवा त्याहून कमी असं होतं. त्या दहा मिनिटांत माणसाला पासवर्ड आठवत नाही, लांब परिच्छेद वाचवत नाही, कुणाला फोन करावा हे सुचत नाही. म्हणून हे सगळं आधी, डोकं शांत असताना ठरवून ठेवायचं. त्यालाच सुरक्षा आराखडा किंवा सरळ ‘सेफ्टी प्लॅन’ म्हणतात.

बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००८च्या सुमारास याला सहा पायऱ्यांचं रूप दिलं, आणि आज मिळणारी बहुतेक चांगली ॲप्स त्यावरच बेतलेली आहेत. २०१८ साली त्यांच्या गटानं अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांमधला अभ्यास प्रसिद्ध केला: तातडीच्या विभागात हा आराखडा करून दिला आणि नंतर फोन करून विचारपूस केली, तेव्हा पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येशी संबंधित घटना सुमारे ४५ टक्क्यांनी कमी दिसल्या. ‘आराखडा अधिक फोन’ असा तो प्रयोग होता, हे विसरू नका. नुसता भरलेला फॉर्म एवढं काम करत नाही.

सहा पायऱ्यांमध्ये काय लिहायचं आणि कुठं बिघडतं, ते नीट सांगते, कारण ॲप कुठलंही असलं तरी रिकामे चौकोन तुम्हा दोघांनाच भरायचेत.

पहिली पायरी, धोक्याच्या खुणा. इथं ‘डिप्रेशन येतं’ असं लिहून उपयोग नाही. ‘रात्री दोननंतरही जागा असतो’, ‘दोन दिवस आंघोळ टाळतो’, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास हे वाक्य डोक्यात फिरायला लागतं’ असं हवं. तीन-चार खुणा पुरेत. यातली निदान एक बाहेरून दिसणारी असावी, म्हणजे तुम्हालाही ओळखता येईल.

दुसरी, कुणाच्याही मदतीविना स्वतःला सावरायचे उपाय. याची कसोटी साधी आहे: ही गोष्ट पहाटे तीन वाजता, घरातल्या घरात, पैसे न खर्चता दहा मिनिटांत करता येते का? ‘पोहायला जाणं’ या कसोटीत बसत नाही. थंड पाण्यानं तोंड धुणं, ठरावीक दोन गाणी ऐकणं, भांडी घासणं, जिना चढून-उतरणं बसतं. ‘ध्यान करणं’ हे ज्याला आधीपासून सवय आहे त्यानंच लिहावं. संकटात नवी विद्या येत नाही.

तिसरी पायरी लक्ष दुसरीकडे वळवणारी माणसं आणि जागा, चौथी मन उघड करता येईल अशी माणसं. बरीच ॲप्स या दोन्हींची एकच यादी करून टाकतात, आणि तिथं घोटाळा होतो. तिसऱ्या पायरीवरच्या मित्राला काही सांगायचं नसतं. त्याच्याबरोबर सामन्याच्या गप्पा मारायच्या, बस. त्याच मित्राला अचानक रात्री ‘मला मरावंसं वाटतंय’ ऐकावं लागलं तर तो गोंधळतो. चौथ्या पायरीवर किमान तीन माणसं हवीत, आणि तिघांनाही आधी विचारलेलं हवं. नावासमोर ‘रात्री साडेअकरापर्यंत उचलतो’, ‘पहाटे पाचनंतर कधीही’ असं लिहा. एकाच माणसाचं नाव असलेला आराखडा त्या माणसाच्या झोपेवर टांगलेला असतो. तुमचं नाव पहिलं असू दे, पण एकटं नको.

पाचवी, डॉक्टर, समुपदेशक, हेल्पलाइन. प्रत्येकासमोर वेळ लिहा, आणि दवाखाना बंद असताना कुठं जायचं तेही.

सहावी पायरी, म्हणजे आजूबाजूची जागा सुरक्षित करणं. लोकांना ही अवघड वाटते, म्हणून ते मोघम लिहून पुढं सरकतात. ‘औषधं दूर ठेवणे’ यात कुणी, कुठं, कधी हे नाही. ‘तीन-चार दिवसांपुरत्या गोळ्या त्याच्याकडे, बाकीच्या मित्राच्या घरी, मित्र सोमवारी आणि गुरुवारी आणून देणार’ हे काम आहे. डॉक्टरांनी दिलेलं औषध मात्र बंद होता कामा नये. फक्त साठा हाताशी नको. जुनी, उरलेली औषधंही घराबाहेर काढा. त्यानं याआधी कुठला मार्ग विचारात घेतला होता तो तपशील ॲपमध्ये मात्र लिहू नका. तिथं फक्त काय हलवलं आणि कुणाकडे दिलं एवढंच. ‘ठरवलंच असेल तर माणूस दुसरं काहीतरी शोधतो’ असं तुम्हाला नातेवाईक सांगतील. ते बहुतांशी खरं नाही. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली, आणि १९९५ नंतरच्या दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटलं. हाताशी असणं आणि नसणं यानं फार मोठा फरक पडतो.

हे भरायला पाऊण ते एक तास लागतो. शक्य असेल तर पहिल्यांदा त्याच्या डॉक्टरांबरोबर किंवा समुपदेशकाबरोबर व्हावं. तुम्ही भरून त्याच्या हातात देऊ नका. त्याचे शब्द, त्याचं बोट, त्याचाच फोन. तुमच्या शब्दांत लिहिलेला आराखडा त्याला त्या रात्री परका वाटेल. ‘मी स्वतःला काही करणार नाही’ असं वचन लिहून घेणं हा वेगळा प्रकार आहे, आणि त्याचा उपयोग होतो असं दिसलेलं नाही. उलट वचन मोडल्याची लाज वाटून माणूस बोलायचा थांबतो.

काही ॲप्समध्ये ‘जगण्याची कारणं’ म्हणून फोटोंची पेटी असते. ब्रिटनच्या ‘स्टे अलाइव्ह’मध्ये तिला लाइफबॉक्स म्हणतात, अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या तज्ज्ञांनी केलेल्या ‘व्हर्च्युअल होप बॉक्स’मध्ये फोटो, ध्वनिमुद्रणं, श्वासाचे व्यायाम आणि मन गुंतवणारे खेळ एकत्र आहेत. कल्पना चांगली आहे, पण फोटो निवडताना जपून. तुटलेल्या नात्यातला फोटो, कर्जात असताना काढलेला घराचा फोटो, आई रडवेली दिसतेय असा फोटो अपराधीपणाच वाढवतो. पाळीव प्राणी, जुनी सहल, मित्राचा मुद्दाम रेकॉर्ड केलेला तीस सेकंदांचा आवाज सहसा चालतो.

एका बटणावर संदेश पाठवणारी ॲप्स हा आणखी एक प्रकार. ‘नॉट ओके’ या ॲपची रचना अशी, की बटण दाबलं की आधी निवडलेल्या पाच जणांपर्यंत ‘मी ठीक नाही, मला फोन कर किंवा शोध’ अशा अर्थाचा संदेश आणि लोकेशन जातं. शब्द जुळवायची गरज पडत नाही, हे त्याचं बळ. अडचणी तांत्रिक असतात. फोनचा बॅटरी सेव्हर असं ॲप मागच्या मागे झोपवतो. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपपुरता तो बंद करावा लागतो. लोकेशनची परवानगी ‘एकदाच’ दिलेली असते. इमारतीच्या आत लोकेशन शेजारच्या गल्लीत दाखवतं. आणि सगळ्यात मोठी अडचण: पाच जणांना एकदम संदेश गेला की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्यानं फोन केलाच असेल. म्हणून क्रम लावा. पहिला माणूस लगेच फोन करणार, दुसरा पाच मिनिटांनी पहिल्याला विचारणार, तिसरा प्रत्यक्ष जाणार. मग एक दिवस दुपारी, सगळ्यांना सांगून, खरोखर बटण दाबून बघा. पहिल्या चाचणीत कुठंतरी अडतंच, ते दुपारी अडलेलं बरं.

याच चाचणीत तुमचा स्वतःचा फोन तपासा. तुम्ही रात्री ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावत असाल तर त्याचा फोन वाजणारच नाही. अँड्रॉइडवर त्याला आवडत्या संपर्कांत, म्हणजे तारा लावलेल्यांत टाकून फक्त त्यांना परवानगी द्या. आयफोनवर त्याच्या संपर्काच्या रिंगटोनमध्ये ‘इमर्जन्सी बायपास’ नावाचा पर्याय आहे, तो चालू करा. ‘पुन्हा आलेला कॉल वाजू द्या’ असाही पर्याय दोन्हीकडे असतो: अँड्रॉइडवर १५ मिनिटांत, आयफोनवर ३ मिनिटांत त्याच क्रमांकावरून दुसरा कॉल आला तर वाजतो. पण संकटातला माणूस दुसऱ्यांदा लावेलच असं नाही, म्हणून यावर विसंबू नका. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि ॲप निवडण्यापेक्षा महत्त्वाचं.

ॲप निवडताना मी काय बघते ते सांगते. विमान मोड लावून ते उघडा: आराखडा दिसला नाही तर ते बाद. लॉगिन मागत असेल तर बाद. फोन उघडल्यापासून तिसऱ्या स्पर्शात कुणाला तरी कॉल लागला पाहिजे. आराखडा बाहेर पाठवता येतो का, म्हणजे तुमच्याकडे आणि डॉक्टरांकडे प्रत राहील? ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या ‘बियाँड नाऊ’मध्ये ही सोय सुरुवातीपासून विचारात घेतलेली आहे. फोन हरवला तर सगळं जातं, म्हणून एक कागदी प्रत पाकिटात हवीच.

मग हेल्पलाइनचा क्रमांक. २०१९ साली ६९ ॲप्सची तपासणी प्रसिद्ध झाली. आत्महत्या रोखण्याच्या मान्य सहा उपायांपैकी सगळे असलेली ॲप्स फक्त पाच निघाली, आणि सहा ॲप्समध्ये हेल्पलाइनचा क्रमांकच चुकीचा होता. त्यातली दोन दहा लाखांहून जास्त वेळा डाउनलोड झालेली होती. त्यामुळे डाउनलोडचा आकडा आणि तारे बघून फसू नका. क्रमांक चुकीचा नसला तरी दुसऱ्या देशाचा असू शकतो. ९८८ अमेरिकेत आणि कॅनडात चालतो, ११६ १२३ वर ब्रिटनमध्ये समॅरिटन्स मिळतात, १३ ११ १४ ही ऑस्ट्रेलियाची लाइफलाइन, भारतात टेलिमानसचा १४४१६ आहे आणि तिथं मराठीतही बोलता येतं. तुम्ही देश लिहिला नाहीत, म्हणून एवढे दिले. ॲपमध्ये क्रमांक बदलायची सोय नसेल तर दुसरं बघा. आणि तो क्रमांक त्यानं एकदा साध्या दिवशी लावून बघावा. किती वेळ वाट बघावी लागते, पलीकडून काय विचारतात हे माहीत असलं की रात्री लावायला हात अडखळत नाही.

भाषेचं म्हणाल तर इंग्रजी ॲपमध्येही चौकोनांत मराठी लिहिता येतं. बटणं इंग्रजी राहिली तरी चालतं. त्याच्या मनात घोळणारी वाक्यं मात्र त्याच्याच भाषेत हवीत. चांगलं ॲप सापडलंच नाही तर फोनमधली साधी टिपणवही, होम स्क्रीनवर विजेट करून आणि वर तीन क्रमांक लिहून ठेवलीत, तरी पंधरा आणे काम होतं. मनःस्थितीची रोज नोंद ठेवणारी ॲप्स डॉक्टरांना उपयोगी पडतात. तुम्ही ती नोंद रोज तपासू लागलात तर तो भरायचा थांबेल. एआयशी गप्पा मारायची ॲप्स या कामासाठी मी सुचवत नाही. ती दार वाजवायला येत नाहीत, आणि धोक्याच्या क्षणी ती नीटच वागतील याची खात्री देता येत नाही.

खासगीपणाचं एवढंच बघा: आराखडा फोनमध्येच राहतो की कुणाच्या सर्व्हरवर जातो? संपर्क, मायक्रोफोन, मेसेज अशा परवानग्या कशासाठी मागितल्यात? सबळ कारण दिसत नसेल तर नकोच. घरात फोन सगळे हाताळत असतील तर ॲपला वेगळा पिन लावावा. तो पिन सोपा हवा, नाहीतर त्या दहा मिनिटांत तोच आडवा येतो.

आता तुमच्या वाट्याचं काम. स्पष्ट विचारायला घाबरू नका. विचारल्यानं विचार डोक्यात घुसत नाही, हे अनेक अभ्यासांतून दिसलंय. ‘काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?’ असं विचारलं की समोरचा ‘नाही’च म्हणतो, कारण प्रश्नातच उत्तर दडलेलं आहे. कोलंबिया विद्यापीठाची सहा प्रश्नांची पद्धत ॲपवरही आणि कागदावरही मिळते. तिचा क्रम साधारण असा: झोपेतून उठूच नये, मेलेलं बरं असं वाटलं का? स्वतःला संपवायचे विचार आले का? कसं करायचं याचा विचार झाला का? ते अमलात आणावं असा इरादा होता का? तपशिलात योजना आखली का? आणि शेवटी, कधी काही केलं होतंस का, गेल्या तीन महिन्यांत? चौथ्याला, पाचव्याला किंवा गेल्या तीन महिन्यांपुरत्या सहाव्याला ‘हो’ आलं तर धोका मोठा धरतात. तुमच्या भावाच्या बाबतीत शेवटच्याचं ‘हो’ आधीच आलेलं आहे, त्यामुळे गुण मोजायला हे वापरू नका. प्रश्न कोणत्या शब्दांत, न अडखळता विचारायचा, तेवढं यातून शिका. आरशासमोर दोनदा मोठ्यानं म्हणून बघा. पहिल्यांदा जीभ वळत नाही, ती भावासमोर अडण्यापेक्षा आरशासमोर अडू दे.

आणि संपर्कात राहण्याचं वेळापत्रक. जेरोम मोटो या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं रुग्णालयातून गेल्यावर उपचार नाकारलेल्या ८४३ जणांवर एक साधा प्रयोग केला, त्याचा निष्कर्ष २००१ साली आला. निम्म्यांना पाच वर्षांत २४ छोटी पत्रं पाठवली: आधी दरमहा, मग दोन महिन्यांनी, मग तीन महिन्यांनी. पत्रात सल्ला नाही, मागणी नाही, फक्त तुमची आठवण आहे, वाटलं तर कळवा. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्या गटात आत्महत्या लक्षणीय कमी झाल्या. यातून तुम्ही घ्यायचं ते असं: फोनच्या कॅलेंडरमध्ये आठवणी लावा. पहिले दोन आठवडे रोज एक, मग महिनाभर एक दिवसाआड, पुढं आठवड्यातून दोनदा, आणि वर्षभर निदान दर पंधरवड्याला. हा हिशोब माझा आहे, तुमच्या नात्याप्रमाणे बदला. मजकुरात प्रश्नचिन्ह शक्यतो टाळा. ‘बरा आहेस ना?’ला उत्तर द्यावं लागतं. ‘आज आपल्या जुन्या गच्चीची आठवण झाली’ला द्यावं लागत नाही.

परिस्थितीनुसार काय बदलेल? तो अठराच्या आतला असता तर पालकांना आणि डॉक्टरांना सांगणं टाळता आलं नसतं, गुप्ततेचं वचन मुळीच दिलं नसतं. त्याला भास होत असतील, कुणीतरी पाळत ठेवतंय असं वाटत असेल, तर लोकेशन शेअरिंग सुचवूच नका. त्रासाचं मूळ घरातलाच माणूस असेल, तर चौथ्या पायरीवर घरच्यांची नावं भरण्याआधी तो काय म्हणतो ते ऐका. आणि तो ॲपला ‘नको’ म्हणाला तर कागद चालेल, मित्राबरोबर ठरवलेला एक सांकेतिक शब्दही चालेल. दोघांनी मिळून ठरवलेलं आणि एकदा तपासलेलं असलं म्हणजे झालं.

पहिल्या आठवड्याच्या शेवटी एकदा, मग महिन्यानं, आणि प्रत्येक वाईट रात्रीनंतर आराखडा पुन्हा उघडा. काय वापरलं, काय वापरताच आलं नाही, ते विचारा; न वापरलेलं काढून टाका. तुमच्यासाठीही एक माणूस ठरवा, जो आठवड्यातून दोन रात्री पहिल्या क्रमांकावर राहील, म्हणजे तुम्ही झोपू शकाल.

सुरुवात कशी करायची असा प्रश्न असेल, तर आज संध्याकाळी त्याला एवढंच पाठवा: ‘मला तुझी काळजी वाटते, आणि मी तुझ्या फोनमध्ये चोरून काही टाकणार नाही. तुला त्या रात्रीसारखं पुन्हा वाटलं तर मी काय केलेलं तुला चालेल, हे मला तुझ्याकडून ऐकायचंय. उद्या नऊ वाजता फोन करते.’ आणि उद्या नऊ वाजता फोन करा. त्यानं नाही उचलला तर पाच मिनिटांनी पुन्हा, तेव्हाही नाही उचलला तर त्या कागदावरच्या शेजाऱ्याला.